एसीतला ओल्या पोतेऱ्याचा वास – सहा आठवड्यांचं अपडेट, पाणी सापडलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की गाडीच्या एसीचा फिल्टर बदलला आणि वास गेला. नाही गेला. आठ दिवसांत परत आला, आणि मग पूर्ण जुलै ह्यातच गेला म्हणून आता सगळं एकत्र लिहून काढतोय, कारण पावसाळ्यात हा त्रास अर्ध्या नाशिकला होत असणार आणि बहुतेक जण मी केलं तेच करतात, म्हणजे परफ्यूम लावतात.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी झालेत. गंगापूर रोडला सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते (हे झाड पुढे महत्त्वाचं आहे). सकाळी एसी चालू केला की पहिली दोन मिनिटं कुबट, आंबूस भपका यायचा. आई म्हणायची ओल्या पोतेऱ्याचा वास येतोय, आणि अगदी तोच. तिला गाडी मुळात लागते, त्यात हा वास, त्यामुळे वणीला (सप्तशृंगीच्या गडावर) जाताना दिंडोरी यायच्या आत ती काच खाली करायला लावायची आणि पावसात काच खाली म्हणजे सगळे भिजणार. तिच्यासाठीच हे मनावर घेतलं.

एक वही केली. रोज सकाळी पहिला भपका कसा आहे त्याला १० पैकी मार्क, १० म्हणजे असह्य. आपल्याच नाकाला सवय होते म्हणून मार्क आईकडून घ्यायचो, ती नळाखालची भांडी सोडून खाली यायची बिचारी.

सुरुवातीचा मार्क ८. फिल्टर काढला तेव्हा (डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडायचा, त्याच्या मागे फिल्टरची पट्टी असते) तो काळा पडलेला आणि वर गुलमोहराच्या बारीक पानांचा थर, चहापत्ती सांडल्यासारखा. ही पानं इतकी लहान असतात की वायपरखालच्या जाळीतून सरळ आत जातात. नवीन फिल्टर टाकल्यावर मार्क ५ वर आला आणि मी खूश झालो, ती माझी चूक. काही गाड्यांच्या बेस मॉडेलला फिल्टरची जागा असते पण फिल्टर नसतोच, तेवढं बघून घ्या.

नंतर एका गॅरेजला नेली. त्यांनी समोरच्या जाळ्यांमधून कसलातरी सुगंधी स्प्रे मारला, एसी ट्रीटमेंट म्हणून पैसे घेतले, चार दिवस लिंबाचा वास आला आणि पाचव्या दिवशी लिंबू अधिक पोतेरं. आई म्हणाली हे जास्त वाईट आहे. मार्क ९. ह्याचा राग आला मला, कारण कूलिंग कॉइलला कोणी हातच लावला नव्हता.

मुळात होतं काय, तर डॅशच्या आत जी कूलिंग कॉइल असते ती एसी चालू असताना थंडगार असते आणि हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. ते पाणी खालच्या ट्रेमधून एका रबरी नळीने गाडीखाली टपकतं. कॉइलला अल्युमिनियमच्या अगदी जवळजवळ पात्या असतात, त्यात उन्हाळाभर धूळ बसते. आपल्याकडे एप्रिलात हवा कोरडी, पाणी कमी जमतं, त्यामुळे धूळ नुसती बसून राहते आणि वास येत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की तीच धूळ भिजते, आपण गाडी बंद करून घरी जातो, ओली कॉइल रात्रभर बंद अंधारात, आणि बुरशी आणि जिवाणूंना अजून काय लागतं. म्हणजे घाण एप्रिलची, वास जुलैचा.

म्हणून फोम क्लीनर आणला. फिल्टर काढून त्या जागेतून नळी आत सरकवून अर्धा डबा सोडला, एसी बंद, इंजिन बंद. डब्यावर लिहिलेलं असतं की पंधरा-वीस मिनिटांत फोमचं पाणी होऊन गाडीखालून निघतं. मी खाली वाकून वाट बघत बसलो, अर्धा तास झाला, एक थेंब नाही. आणि मग डावीकडच्या पायाखालच्या मॅटवरून तपकिरी पाणी यायला लागलं. पोटात गोळाच आला कारण त्याच भागात ब्लोअरची वायरिंग असते, लगेच बॅटरीची वायर सोडवली, जुनी टॉवेलं कोंबून सगळं टिपलं. नुकसान काही झालं नाही. पण कळलं मोठं. ड्रेन पाईप, म्हणजे तीच पाणी टपकायची रबरी नळी, बंद होता! आत्तापर्यंतचं सगळं पाणी ट्रेमध्ये साचून तिथेच कुजत होतं आणि जास्त झालं की कार्पेटखाली जात होतं. ज्यांना वास येतोय त्यांनी सगळ्यात आधी हे बघा, दमट दिवशी एसी पंधरा मिनिटं चालवा आणि गाडीखाली डाव्या बाजूला पाणी पडतंय का बघा. उघड्यावर मात्र, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसायचं नाही.

नाशिकच्याच द्वारका चौकाकडे एक एसीवाले काका आहेत, त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "खालून हवा मारू नको हां दादा, जास्त प्रेशर दिलं तर आतली नळी निसटते, मग डॅश उतरवावा लागतो. काहीतरी मऊ घाल आणि हळू फिरव." तारेने ट्रेला किंवा कॉइलला भोक पडायची भीती म्हणून मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वापरली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं. गाडी पुढून स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही), फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) डावीकडे खाली वळलेली रबरी नळी दिसली, तिच्यात वीतभर दोरी गेली आणि अडकली. थोडी फिरवली, आणि आधी काळा जेलीसारखा गोळा आला, त्यात गुलमोहराचीच पानं, आणि मागून मगभर पाणी. तो वास मी सांगू शकत नाही, पण त्या क्षणी इतकं बरं वाटलं ना.

त्या रात्री मार्क आला ६. फक्त ६? कारण कार्पेट. डावी सीट चार बोल्ट काढून मागे घेतली, कार्पेट उचललं तर खालचा जाड फोम पिळून पाणी निघेल इतका ओला. ऑगस्टच्या पावसात फोम सुकवणं म्हणजे परीक्षा आहे. तीन दिवस दोन्ही दारं उघडी ठेवून टेबल फॅन लावला, एकदा ऊन पडलं तेव्हा दुपारभर गच्चीवर नेला. ह्या तीन दिवसांत स्कूटरने अंबडला गेलो, भिजलो, पण हा भाग घाईत उरकून टाकला असता तर बाकी सगळं वाया गेलं असतं असं माझं मत आहे.

फोम क्लीनरचा उरलेला अर्धा डबा आणि एक नवीन असं दुसऱ्यांदा केलं. ह्या वेळी खालून आधी कॉफीसारखं, मग चहासारखं, शेवटी जवळपास स्वच्छ पाणी आलं. मग ब्लोअर फुल, काचा उघड्या, वीस मिनिटं. ब्लीच वगैरे घालायचा विचार कोणी करत असेल तर नको, अल्युमिनियम खातं ते, आणि तीच हवा आपल्या छातीत जाते.

आकडे. ड्रेनखाली डबा ठेवून वीस मिनिटांत किती पाणी येतं ते मोजलं. आधी जेमतेम तीन-चार चमचे, आता पाव लिटरच्या आसपास. जाळीत थर्मामीटर धरला तर उभ्या गाडीत आधी १४ डिग्री, आता ९. थंडावा वाढेल असं डोक्यातच नव्हतं, पण पात्यांमधून हवा मोकळी जायला लागली की वाढणारच.

आता सवय अशी लावलीये की घरी येताना जेहान सर्कलला एसीचं बटण बंद, ब्लोअर तसाच चालू, हवा बाहेरची. कॉइल घरापर्यंत बरीच सुकते. फक्त जोराच्या पावसात हे करू नका, कॉइलवरचं पाणी हवेत येतं आणि समोरची काच धुरकट होते, कसारा घाटात तर अजिबात नाही. आणि वास गोडसर असेल तर हे सगळं सोडा, तो कूलंट असू शकतो, हीटरची कॉइल तपासून घ्या.

पुढचं काम म्हणजे वायपरखालच्या जाळीवर आतून बारीक मच्छरदाणीची जाळी लावायची आहे, हवा कमी होते का ते मोजून सांगतो. पार्किंगची जागा बदलून मिळाली नाही, गुलमोहर आहे तिथेच आहे.

वहीतला मार्क गेले अकरा दिवस १ आहे, आई ० द्यायला तयार नाही. काल वणीला गेलो होतो, काचा बंद, बाहेर धो धो पाऊस. दिंडोरी गेली तरी मागून आवाज नाही म्हणून आरशात बघितलं तर आई झोपली होती, ती नांदुरीला उठली आणि विचारलं, "गड आला का रे?"