डाग काढायचा, फरशी नाही: आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या मेंटेनन्सला मी नोकरीला होतो. शिफ्ट सुटायच्या आधी लेथ आणि हायड्रॉलिक प्रेसच्या खाली भुसा टाकायचा, थोडा वेळ राहू द्यायचा आणि मग खराट्याने ओढून घ्यायचा, हे रोजचं काम. सांडलेलं ऑइल लगेच उचललं तर मागे काही राहत नाही, शनिवारी राहिलेलं सोमवारी उचललं तर त्याचा ठिपका वर्षभर जागा सोडत नाही, हे शिक्षण तिथे पगारासकट मिळालं.

पुढे नोकरी सोडून हाउसकीपिंगची छोटी कंत्राटं घ्यायला लागलो. जिने, टाक्या, काचा, झाडलोट. डाग काढणं हा वेगळा धंदा होऊ शकतो हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. पण पिंपरी-चिंचवडमध्ये कुठल्याही सोसायटीत कोटेशन द्यायला गेलो की शेवटी सेक्रेटरी पार्किंगमधल्या ऑइलच्या डागांकडे बोट दाखवायचे, "आणि ह्याचं काय?" यावर या धंद्यात एकच उत्तर दिलं जायचं, अजूनही दिलं जातं: अ‍ॅसिड मारू.

अ‍ॅसिड मारलं की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात काम चाललंय. तो फेस सिमेंटचा असतो. ऑइलने भिजलेल्या जागी पाण्यातलं अ‍ॅसिड धड शिरतच नाही. ते आजूबाजूचं सिमेंट खातं, तिथे पांढरट पडतं, रेती उघडी होते आणि मधला काळा ठिपका आधीपेक्षा जास्त उठून दिसतो. शहाबादी किंवा कोटा असेल तर विचारूच नका. दोन्ही चुनखडीचे दगड, त्यांना अ‍ॅसिड म्हणजे विषच. कोट्याचं पॉलिश एकदा गेलं की मशीन लावून पुन्हा घासून घेण्याशिवाय इलाज नाही.

निव्वळ डागांचं आमचं पहिलं काम निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याचं. काका निवृत्त, पोर्चमध्ये शहाबादी आणि त्यावर जिवापाड जपलेली जुनी गाडी. आधी कोणाकडून तरी दोनदा अ‍ॅसिड मारून घेतलेलं. मला म्हणाले, "अरे, डाग गेला नाही तरी चालेल आता, फरशी तेवढी राहू दे." आमच्या कोटेशनच्या कागदावर वर "डाग काढायचा, फरशी नाही" ही जी ओळ छापलेली असते ती काकांच्या या बोलण्यावरून आली.

ऑइल जातं कुठे, हे कळलं की काम निम्मं सोपं होतं. काँक्रीट वाळताना त्यातलं जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे केसाहून बारीक वाटा ठेवतं. त्या वाटांनी ऑइल आत उतरतं. एप्रिल-मेमध्ये फरशी तापलेली असते, ऑइल पातळ होतं, मग ते आणखी खोल जातं. वरून कितीही घासलं तरी आतलं तिथेच राहतं, आणि आठवड्याभरात डाग पुन्हा वर येतो. गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. म्हणून ते बाहेर ओढावं लागतं.

आम्ही आधी वरचं ऑइल भुशाने टिपतो. मग डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा सोडवणारं द्रावण, टाकून वीसेक मिनिटं ओलं ठेवतो, सुकू देत नाही, आणि नायलॉनच्या ब्रशने घासतो. तारेचा ब्रश आमच्या गाडीत नसतोच. त्याचे तुटलेले तुकडे फरशीत अडकतात आणि पावसात गंजून नवे डाग पाडतात. घासून झालेलं पाणी ओल्या व्हॅक्युमने ओढून घेतो. एवढ्याने ताजा डाग जातो. जुना असेल तर लेप. मुलतानी माती डिग्रीजरमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवायची, बोटभर जाड थर डागावर आणि डागाच्या चारी बाजूंनी थोडा बाहेरपर्यंत थापायचा, वर प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप आपोआप वाळू द्यायचा. खरी गंमत तेव्हा असते. ओल वरच्या बाजूने उडायला लागते आणि जाताना सैल झालेलं ऑइल सोबत मातीत घेऊन येते. पिवळसर लेपाच्या मधोमध तपकिरी चकती उमटते. आमची पोरं ती चकती बघूनच सांगतात, अजून एक लेप लागणार की झालं. ऊन लावून किंवा पंखा लावून घाई केली तर लेप तडकतो, फरशीपासून सुटतो आणि ओढणं बंद पडतं.

ही माती पूर्वी लोकरीतला तेलकटपणा काढायला वापरत. पार्लरवाल्यांकडून उसनी घेतलेली युक्ती नव्हे!

घरगुती उपायांबद्दल फार विचारतात, म्हणून सांगतो. धुण्याचा सोडा वाईट नाही, पण तो कुठल्या तेलावर चालतो ते बघावं लागतं. आम्ही मंगल कार्यालयांच्या मागची अंगणंही धुतो. तिथे सांडलेलं असतं खायचं तेल, तूप, डालडा. गरम पाण्यातल्या सोड्याने त्यातल्या काही भागाचा तिथल्या तिथे साबण होतो आणि काम भराभर उरकतं. इंजिन ऑइल खनिज, त्याचा साबण कधीच होत नाही. त्याला पाण्यात धरून ठेवणारं डिटर्जंट लागतं. रॉकेल आणि थिनर तर नकोच. ते ऑइलला पातळ करतात, वरचा काळेपणा पुसला जातो आणि उरलेलं आणखी खाली पोचतं. बंद पार्किंगमध्ये पेट लागण्याची भीती वेगळी. डांबरी रस्ता असेल तर डांबर स्वतःच पेट्रोलियमचं असल्यामुळे रॉकेलने रस्ताच मऊ पडतो आणि खडी सुटते.

पेव्हर ब्लॉकने आमचं दुकान उभं केलं असं म्हणायला हरकत नाही. नव्या सोसायट्या, शाळांची अंगणं, बंगल्यांचे पॅसेज, जिथे तिथे पेव्हर. लोकांना वाटतं प्रेशर मशीन आणलं की झालं. नोझल फार जवळ धरलं तर ब्लॉकचा वरचा रंगीत थर उडतो, आणि सांध्यांमधली वाळू तर हमखास उडते. वाळू गेली की ब्लॉक हलायला लागतात, मग गाडी वळवली की कडा फुटतात. त्यामुळे धुऊन झाल्यावर सांध्यांत बारीक कोरडी वाळू पुन्हा झाडून भरणं हे आमच्या दरातच धरलेलं असतं. आणि जो ब्लॉक काही केल्या उजळत नाही, तो आम्ही उपटतो. नवा ब्लॉक मधोमध बसवला तर ठिगळ दिसतं, कारण भोवतालचे उन्हापावसाने विटलेले असतात. म्हणून मीटर रूमच्या मागून किंवा कुंड्यांच्या रांगेतून तितकाच जुना ब्लॉक काढून इथे लावायचा आणि नवा तिकडे मागे दडवायचा. हे करायला गवंडी लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडा आणि धीर लागतो. आमच्यातला सगळ्यात जुना गडी लातूरजवळच्या औशाकडचा, त्याने हे सुरू केलं. आता सोसायटीत शिरल्या शिरल्या तो आधी मीटर रूमच्या मागे जाऊन येतो.

ट्रायमिक्सवर, म्हणजे एका खास पद्धतीने ओतलेल्या काँक्रीटच्या फरशीवर, तुलनेने सुख. ओतल्यावर त्यातलं जास्तीचं पाणी व्हॅक्युमने ओढून घेतलेलं असतं, वरचा थर घट्ट असतो, ऑइल फार खोल जात नाही.

सोसायटीत फरशीपेक्षा माणसं अवघड. डाग कोणाच्या गाडीचा यावरून झालेली भांडणं मी बघितली आहेत. तळमजल्यावरचे चेअरमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आम्ही त्यात पडत नाही. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरायचा आणि सकाळी बघायचा. पुढच्या बाजूला काळपट थेंब म्हणजे बहुतेक इंजिन ऑइल, ड्रेन प्लगचा वायसर किंवा फिल्टर बघून घ्या. हिरवट किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट, तेही लगेच दाखवा. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, निवांत झोपा. उन्हाळ्यात असे घाबरलेले फोन भरपूर येतात. गळती बंद झाल्याशिवाय आम्ही डागाला हात लावत नाही. हे ऐकून काही लोक दुसऱ्याला बोलावतात, बोलावू देत.

दराचंही तसंच. आधी प्रत्येक डागावर पाण्याचा थेंब टाकतो. थेंब मण्यासारखा वरच बसला तर आत ऑइल भरलेलं आहे किंवा कोणी सीलर, म्हणजे फरशीची छिद्रं बंद करणारा थर, मारलेला आहे. मुरला तर जागा बरी. मग एका कोपऱ्यात फूटभर जागेवर नमुना करून दाखवतो आणि खडूने फरशीवरच लिहितो: जाईल, फिका होईल, राहील. त्या खडूच्या अक्षरांसकट फोटो काढून सेक्रेटरींची सही घेतो. "शंभर टक्के काढतो" म्हणणाऱ्यांकडे यामुळे कामं गेली, अजूनही जातात. पण त्यातली काही वर्षभराने परत आमच्याकडे येतात आणि तोवर फरशीची जी अवस्था झालेली असते ती बघून मन खट्टू होतं.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर गेले. ते पहिल्यापासून आमच्या सौभाग्यवती बघतात. उधारी वसूल करण्यात माझा नंबर घरात शेवटचा आहे. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धुलाई बंद पडली, लातूर-धाराशिवची पोरं गावी गेली. त्या काळात सोसायट्यांत हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची फवारणी करून फर्म तगली. गाड्या मात्र महिनोन्महिने एका जागी उभ्या होत्या, थेंब थेंब पडत होता आणि विचारायला कोणी नव्हतं. उघडल्यावर जे डाग समोर आले त्यांनी आम्हाला दुसरी गाडी घेऊन दिली.

एक गोष्ट मात्र अजून लोकांच्या गळी उतरत नाही, ती म्हणजे पाणी. पार्किंगमधलं पाणी पावसाच्या गटारात ढकललं की ते नाल्याने पवनेत, पवना दापोडीजवळ मुळेत, पुढे मुळा-मुठा, भीमा आणि शेवटी उजनीत. वापरलेलं ऑइल आणि ऑइल लागलेला कचरा २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. आम्ही चेंबरच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या लावतो, पाणी ओढून टाकीत घेतो, भुसा आणि लेपाची माती जाड पिशव्यांत बांधतो. कारखान्याचं काम असेल तर त्या पिशव्या त्यांच्याच घातक कचऱ्याच्या नोंदीत चढतात. सोसायटीच्या पिशव्या आम्ही अधिकृत वाहतूकदाराला पैसे मोजून देतो आणि ती रक्कम बिलात वेगळी दाखवतो. घासाघीस नेमकी त्याच ओळीवर होते. "तेवढं गटारात सोडा की, कोण बघतंय?" त्या ओळीवर सवलत मिळत नाही. हवं तर चहा पाजतो.

सध्या गरम पाण्याचं मशीन आलं आहे, त्यामुळे जुन्या डागांना लेप कमी लागतात. सर्वाधिक मागणी पार्किंगच्या उताराची, म्हणजे रॅम्पची असते. पहिल्या पावसात आत मुरलेलं ऑइल वर तरंगतं, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात आणि त्यावरून दुचाकी घसरतात. त्यानंतर फोन सुरू होतात, पण ओल्या फरशीवर लेप वाळत नाही. तेव्हा रॅम्प करून घ्यायचा असेल तर एप्रिलमध्येच सांगा. सर्वसाधारण सभेत मंजुरी घेऊ म्हणाल तर ती सप्टेंबरच्या अखेरीला होते, मग दिवाळीच्या आधीची तारीख आत्ताच धरून ठेवा, कारण ऑक्टोबर आमचा निम्मा भरलेला असतो.