घोड्याची पाठ: आधी खोगीर बघा
खोगीर चढवताना घोडा कान मागे पाडत असेल, तर कायरोप्रॅक्टरला (हाताने दाब देऊन पाठीच्या सांध्यांवर उपचार करणाऱ्याला) बोलावण्याआधी खोगीर तपासा. त्याचा भार अठराव्या, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. त्यामागच्या, कमरेच्या मणक्यांना बरगड्यांचा आधार नसतो. मग पशुवैद्य, गरज पडल्यास एक्स-रे. मणक्यांचे काटे (वर आलेली हाडाची टोकं) एकमेकांना घासत असतील तर दाबून त्यांच्यातली जागा वाढत नाही.

कायरोप्रॅक्टर हाड 'जागेवर बसवतात' हा गैरसमज. (अर्ध्या टनाच्या जनावराचं हाड असं सरकतं थोडंच!) एका ताठर सांध्यावर छोटा, झटकन दाब देतात, इतकंच. फ्रॅक्चरची शंका किंवा लटपटती चाल असेल तर हात लावू देऊ नका.

घरी गाजर दाखवून मान बरगडीकडे वळवा: 5 ते 10 सेकंद, दोन्ही बाजूंना 3 ते 5 वेळा, अंग गरम झाल्यावर. मान ओढायची नाही.