गार पडली, पण कागदावर नाही : नॉर्थ डकोटातल्या छपराच्या क्लेमचा माझा अनुभव

घराच्या विम्याचा क्लेम नोंदवणं, अ‍ॅडजस्टरची (नुकसान पाहायला येणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाची) भेट, रूफर (छप्पर घालणारा) शोधणं, यातलं काहीच अवघड नाही. फोन केला की होतं. अडतं ते एका रकान्यावर. ‘डेट ऑफ लॉस’, म्हणजे नुकसान नेमकं कोणत्या तारखेला झालं. त्या रकान्याने आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला, म्हणून हे लिहितोय.

आम्ही अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, किडर काउंटीत राहतो, स्टील गावाच्या बाहेर. राजधानी बिस्मार्कपासून आय-९४ महामार्गाने पूर्वेला साधारण पाऊण तास. काउंटी १,४०० चौरस मैलांहून मोठी आणि २०२० च्या जनगणनेत माणसं अडीच हजारही नाहीत. बाकी सगळी कुरणं, पाणथळी, गहू, सूर्यफूल. हा माणसांचा आकडा लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलं.

इथे थंडीचं सगळे सांगतात, गारेचं कुणी सांगत नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम १८ इंचांच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्यातल्या वादळांतून येतो. खालून मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा, वरून रॉकीजकडची कोरडी हवा. दुपारभर आभाळ निरभ्र आणि संध्याकाळी पश्चिमेला भिंत उभी राहते. जुलैत अशाच एका संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडल्या. दहा-बारा मिनिटांत संपलं. सकाळी पाहिलं तर पन्हळीच्या तोंडाशी काळ्या रव्याचा ढीग होता, शिंगलवरून, म्हणजे छपरावरच्या डांबरी तुकड्यांवरून निघालेला. एसीच्या बाहेरच्या जाळीवरच्या पात्या एका बाजूने दबून सपाट झालेल्या. पट्टी शेजारी ठेवून गारांचे फोटो काढले होते आणि दोन गारा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकल्या होत्या. तुम्हीही हे करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

अ‍ॅडजस्टर आला, शिडी लावून वर चढला, खडूने गोल करत गेला आणि म्हणाला, गारेचंच नुकसान आहे, शंका नाही. आम्ही निश्चिंत. मग कंपनीचं पत्र आलं : आमच्या हवामान अहवालानुसार त्या तारखेला तुमच्या पत्त्यावर नुकसान होईल एवढी गार पडलेली नाही; आदल्या वर्षी मात्र पडली होती. आणि आदल्या वर्षी या कंपनीची पॉलिसीच नव्हती! म्हणजे छप्पर फुटलंय हे मान्य, गारेने फुटलंय हेही मान्य, फक्त तारीख अमान्य.

फोन केला. फोटो पाठवले. ‘हा फोटो तुमच्याच अंगणातला कशावरून?’ फ्रीझरमधल्या गारा? त्यांना कोण विचारतंय. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा, शेवटी ‘फाइल रिव्ह्यूमध्ये आहे’. माझा स्वभाव तसा शांत, पण तो होल्डवरचा पियानो अजून कुठे ऐकला तरी रक्त तापतं.

मग हा अहवाल बनतो कसा, ते शोधलं. एक आधार रडारचा. बिस्मार्कच्या रडारचा झोत जितका दूर जातो तितका जमिनीपासून उंच होतो, म्हणजे तो ढगातली गार पाहतो, छपरावरची नाही. दुसरा आधार माणसांनी कळवलेल्या नोंदी. राष्ट्रीय हवामान सेवा १ इंच किंवा त्याहून मोठी गार ‘तीव्र’ धरते (२०१० पर्यंत पाऊण इंच होती). पण ती कळवायला तिथे माणूस हवा ना! गारेचा पट्टा मैल-दोन मैल रुंद, तो कुरणांवरून आणि बदकांच्या तळ्यांवरून गेला तर नोंद कोण करणार? राज्याच्या विद्यापीठाचं एनडॉन नावाचं शेती-हवामान केंद्रांचं जाळं आहे, फार छान आहे, पाऊस-वारा-तापमान सगळं देतं. गार मोजत नाही. गंमत बघा, स्टीलमध्ये ६ जुलै १९३६ ला १२१ फॅरनहाइट, म्हणजे ४९ सेल्सिअसच्या वर तापमान गेलं होतं. राज्याचा तो उच्चांक इथल्या पोरासोरांनाही पाठ. आणि गेल्या जुलैची गार कुणाच्या वहीत नाही.

बाबांना जालन्याला फोनवर हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. ‘तिथं पण मंडळाचंच लफडं का?’ आपल्याकडे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिलिमीटर भरला तर अतिवृष्टी; मापक एका गावात, ढगफुटी दुसऱ्या. २०१४ ची फेब्रुवारी-मार्चची गारपीट त्यांनी भोगलेली. त्यांनी एकच विचारलं, ‘पण मग शेतकऱ्यांचा पंचनामा कुणी केला?’

तिथे किल्ली होती. इथे बरेच शेतकरी सरकारी पीकविम्याशिवाय खासगी गारपीट विमाही घेतात, आणि त्याचा अ‍ॅडजस्टर शेतात येऊन झाडं मोजून टक्केवारी लिहितो. रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याचं सूर्यफूल त्याच संध्याकाळी झोडपलं होतं. त्याच्या कागदावर तारीख होती, आणि टाउनशिप, रेंज, सेक्शन या जमीन-मोजणीच्या खुणांसकट जागा होती. सेक्शन म्हणजे एक चौरस मैल. आमचं घर लागूनच्या सेक्शनच्या कोपऱ्यावर. प्रत मागितली तर ‘यू बेट’ म्हणून ट्रकमधून काढून हातात दिली. याहून पक्का पंचनामा कुठला?

तो कागद जोडला आणि त्याच दिवशी राज्याच्या विमा विभागाकडे ऑनलाइन तक्रारही टाकली. तक्रारीला पैसे लागत नाहीत, आणि कंपनीला तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं. (या राज्यात विमा आयुक्त निवडणुकीतून येतो, हे मला तेव्हाच कळलं.) इतके आठवडे रिव्ह्यूमध्ये असलेली फाइल मग पटकन बाहेर आली. क्लेम मंजूर. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं का बोलू.

फक्त तोवर सप्टेंबर संपत आला होता. शिंगलखालची डांबराची पट्टी उन्हाने चिकटते, साधारण ४० फॅरनहाइटच्या खाली नीट धरत नाही, आणि इथे ऑक्टोबरात बर्फ पडणं नवलाचं नाही. म्हणून रूफरची वेळ क्लेम मंजूर होण्याआधीच धरून ठेवा, नंतर रद्द करता येते. वादळानंतर दारोदार फिरणाऱ्या परगावच्या रूफरांना राज्याचा कंत्राटदार परवाना विचारा; ४,००० डॉलरच्या वरच्या कामाला तो लागतो. आणि हो, आधी सांगायला हवं होतं : गारेचा डिडक्टिबल (नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा वाटा) बऱ्याच पॉलिसींत ठरावीक रक्कम नसून घराच्या विमा रकमेचा टक्का असतो. पॉलिसी घेतानाच तो बघा. पहिला चेक झीज वजा करून येतो, उरलेला काम झाल्याची बिलं दिल्यावर, आणि त्यालाही मुदत असते.

आमचं छप्पर ऑक्टोबरातल्या उबदार चार दिवसांत उरकलं. पन्हळीला पडलेल्या पोच्यांचे पैसे मात्र ‘केवळ दिसण्याचं नुकसान’ म्हणून कापले. त्यावर भांडायचं ठरवलं होतं, पण तोवर बाहेर उणे २० झालं होतं आणि पन्हळ बर्फाखाली गेली होती. पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे.