आमची वाटचाल: चौदा हातांचा पट्टा

आमच्याकडे काम बघायला कोणी आलं की मी आधी लेस दाखवत नाही, पट्टा दाखवते. वीतभर रुंद आणि चौदा हात लांब अशी ही मांजरपाटाची पट्टी आहे. तिच्यावर दोन ओळींत क्रोशाचे छोटे छोटे तुकडे टाचलेले आहेत, आजघडीला १६३. प्रत्येक तुकड्याखाली रंगीत दोऱ्याने नमुन्याचं नाव आणि तो देणारीची ओळख भरलेली आहे. तुरीची शेंग, गव्हाची लोंबी, सरकी, बैलाचा गोंडा. खाली 'थोरल्या जाऊबाई', 'आर्वीच्या काकू', 'माळावरच्या आजी'. ही नावं कुठल्या पुस्तकात सापडायची नाहीत. पडवीत बसल्या बसल्या ज्या बाईला जे सुचलं, ते नाव त्या नमुन्याला चिकटलं. आमच्या व्यवसायाचं भांडवल काय, असं बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, तेव्हाही मी हाच पट्टा उलगडला होता.

क्रोशा मी माहेरी शिकले, आर्वीला. शेजारच्या काकू रुखवताचं काम करायच्या. ताटावरचे रुमाल, दाराचं तोरण, चौरंगावरचं आच्छादन. लग्नसराईत त्यांच्या ओट्यावर मुलींच्या आयांची रांग असायची. मी शाळेतून आले की त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. क्रोशाचे मूळ टाके, म्हणजे साखळी त्यांनी शिकवली, खांब शिकवला, मुका खांब शिकवला. पण चौकोनी रुमालाची कड विणताना कोपरा आला की काकू पाठ फिरवायच्या. कोपऱ्यातच खरी गोम असते. टाके कमी वाढवले तर कड आत ओढली जाते, जास्त वाढवले तर तिला लाटा पडतात. त्यांचा कोपरा तळहातावर ठेवला तर पापडासारखा सपाट बसायचा.

एकदा त्यांचा एक रुमाल तेलाने डागाळला आणि त्यांनी तो टाकून दिला. मी तो उचलून घरी आणला आणि रात्री कंदिलाजवळ बसून कोपरा एकेक टाका मागे उसवत गेले. प्रत्येक टाका वहीत लिहिला. कोपऱ्याच्या एकाच छिद्रात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. एवढंच होतं. काकूंचा मला राग नव्हता, आजही नाही. त्या कोपऱ्यावर त्यांचं घर चालत होतं. पट्ट्यावरचा दुसरा तुकडा त्यांचाच कोपरा आहे, त्यांना विचारून, त्यांच्या नावाने लावलेला.

लग्न होऊन देवळी तालुक्यात आले. नणंदेच्या रुखवताचं सगळं मी विणलं आणि ते बघून पाहुण्यांकडून मागण्या यायला लागल्या. २०१४ मध्ये थोरल्या जाऊबाई, शेजारच्या दोघी आणि मी असं रीतसर काम सुरू केलं. पहिल्या वर्षी तोरणं आणि रुमाल, मग साडीच्या आणि ब्लाऊजच्या कडेची लेस. दोन बोटं रुंदीची एक मीटर कड विणायला सरावाच्या हातालाही चार तास लागतात, हे तेव्हा गिऱ्हाइकाला सांगावं लागायचं, आजही लागतं. बाजारात सुरतेची यंत्रावरची लेस रिळांनी मिळते. क्रोशाचा खरा टाका यंत्राला जमत नाही, यंत्र त्याच्यासारखी दिसणारी जाळी काढतं. दोन्ही हातात देऊन बघा म्हटलं की निम्म्या बायकांना फरक कळतो. उरलेल्यांना स्वस्तच हवी असते आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

२०१५ मध्ये शहरातल्या एका दुकानदाराने आमचे तीन नमुने 'गिऱ्हाइकाला दाखवतो' म्हणून ठेवून घेतले. दोन महिन्यांनी तीच आच्छादनं त्याच्या दुकानात टांगलेली दिसली, दुसरीकडून विणून घेतलेली. नमुने परत मिळाले नाहीत. मी घरी येऊन रडले, आणि मग एक निर्णय घेतला. तो चुकीचा होता, पण तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. यापुढे पूर्ण नमुना कोणालाच द्यायचा नाही, असं मी ठरवलं. आच्छादनाचं मधलं फूल एकीने करायचं, भोवतीचा अननसाच्या आकाराच्या नक्षीचा घेर दुसरीने, बाहेरची कड तिसरीने. सगळं कसं जुळतं ते फक्त मला माहीत. आर्वीच्या काकू निदान पाठ फिरवायच्या. मी समोर बसून लपवत होते.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी ४० गोल आच्छादनांची मागणी आली, तोवरची सर्वांत मोठी. महालक्ष्म्या बसायला दोन आठवडे उरले असताना थोरल्या जाऊबाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी पुसदला जावं लागलं. अननसाचा घेर त्यांच्याकडे होता. २२ नगांचं नुसतं मधलं फूल तयार होतं आणि त्यापुढे कोणालाच काही येत नव्हतं. मी दिवसरात्र बसले तरी एकटीच्या हाताने किती होणार? २६ नग वेळेवर गेले. उरलेले १४ सण उलटल्यावर झाले, ते कोणी घेतले नाहीत. दोऱ्याचे पैसे अंगावर पडले.

माळावरच्या आजी तेव्हा आमच्याकडे कड विणायच्या. हिशेबाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मले पुरं दाखवलं असतं, तं मी रातभर बसून केलं असतं वो बाई. मले कोण सांगितलं होतं का थे कसं करतेत म्हून?"

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पडवीत बोलावलं आणि अननस पहिल्या टाक्यापासून दाखवला. नवख्या बाईला तो फार अवघड वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे. तळाशी दहा खांबांचा पंखा. त्यावर तीन-तीन साखळ्यांच्या नऊ कमानी. पुढच्या ओळीत आठ, मग सात, अशी प्रत्येक ओळीला एक कमान कमी होत शेवटी एकच उरते, तेच अननसाचं टोक. फक्त दोन्ही बाजूंची दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब ही जोडी एकाही ओळीत सुटता कामा नये, नाहीतर अननस शेजारच्यापासून फाटून निघतो. आजींनी दुपारपर्यंत अख्खा अननस विणला आणि संध्याकाळी मला विचारलं की वरून दोन कमानी एकदम कमी केल्या तर टोक जास्त बारीक नाही का येणार? आलं. पट्ट्यावरचा पहिला तुकडा तो आहे. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच आम्ही बसतो.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. आमच्या भागात ज्या बायका दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणीला जायच्या, त्यांच्या हाताला काम उरलं नाही. त्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या, "लेसचं काम दे" म्हणाल्या. आम्ही नऊ होतो, दोन महिन्यांत २३ झालो. मी एकटी शिकवत बसले असते तर एकही मागणी पुरी झाली नसती. ज्यांना येत होतं त्या प्रत्येकीने दोघींना शेजारी बसवून घेतलं. लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनी गणिताच्या चौकटीच्या वहीत जाळीचे नमुने काढले. दोन साखळ्या आणि एक खांब म्हणजे रिकामं घर, साखळ्यांच्या जागी दोन खांब आले की घर भरलं. 'शुभ लाभ'ची सगळी तोरणं याच घरांवर चालतात. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनीही वही वाचली, कारण त्यात मोजायचंच होतं, आणि मोजायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

वेचणीच्या हातांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडेला चिरा पडतात. अशा बोटांत ४० नंबरचा दोरा अडकतो आणि त्याचे तंतू निघतात. (दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक.) तेल लावावं तर दोरा डागाळतो. म्हणून चांगल्या पिकाच्या वर्षी त्या दिवसांत आम्ही २० नंबरचं जाड काम ठेवतो, खळ देणं आणि टाचण्या लावून ताणून सुकवणं ठेवतो. हेही गुरुवारीच ठरलं, ज्यांची बोटं चिरतात त्यांनी ठरवलं.

दोऱ्याचं दुःख मात्र अजून आहे. चहूकडे कापूस, हिंगणघाटची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या दोऱ्याचा गुंडा बाहेरून येतो. लेसला मर्सराइज्ड दोरा लागतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याने सूत पक्कं करण्याची रीत शोधली, तिच्यावरून हे नाव पडलं. त्याने दोरा बळकट होतो, रंग नीट धरतो आणि ताणून केल्यास चकाकी येते. वर्ध्याला १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे. तिथले चरखे बघायला आम्ही सगळ्या एसटीने गेलो होतो. येताना एकीने विचारलं की हातसुताचा क्रोशा का करू नये? करून पाहिला. पीळ कमी असला की सुईचं टोक सुतात घुसतं आणि ते दुभंगतं. बारीक कड जमली नाही. पण तीन पदर एकत्र पिळून केलेलं जाड तोरण सुंदर झालं, ते आम्ही दरवर्षी थोडं करतो.

२०१८ च्या जानेवारीत मी आणि जाऊबाई आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला गेलो. नागपूरहून विजयवाडा, तिथून पुढे दुसरी गाडी. गोदावरीच्या मुखाजवळचं हे गाव क्रोशाच्या लेससाठी देशभर ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांनी तिथल्या बायकांना ही कला शिकवली आणि पुढे ती हजारो घरांत पसरली. २०२४ मध्ये त्या लेसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले. तिथे एका घरात आम्ही तीन तास बसलो. ती ताई फुलं विणत होती. तिच्या सुईचा वेग मी कुठे पाहिलेला नाही, बोलता बोलता फूल मांडीवर पडत होतं. तिचा मुलगा हिंदीत सांगत होता. मी विचारलं, ही फुलं कशात लावणार? तिने मान हलवली. फुलं एका घरी, जोडणी दुसऱ्या घरी, आणि ही फुलं लावलेलं तयार टेबलक्लॉथ तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मला माझी ४० आच्छादनं आठवली. मी जे एका पडवीत केलं होतं, ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. तिला जेवढं येत होतं त्यावर तिला भाव ठरवता येणार नव्हता, कारण पुऱ्या वस्तूला काय लागतं हे तिला कोणी कळूच दिलं नव्हतं. जाऊबाईंनी पिशवीतून वही काढली आणि तिला जाळीत अक्षर कसं विणायचं ते दाखवलं. तिने शेजारणीला हाक मारून आम्हाला शेवटच्या फेरीतच फूल फुलाला जोडण्याची त्यांची रीत दाखवली. वेगळी शिलाई करावी लागत नाही. त्याने आमच्या एका आच्छादनामागे निदान दोन तास वाचतात. पट्ट्यावर त्या तुकड्याखाली 'नरसापूरच्या ताई' असं भरलं आहे.

आयर्लंडची हकिगत मी नंतर वाचली. १८४५ पासून तिथे बटाट्याचं पीक रोगाने गेलं, दुष्काळ पडला, आणि कॉर्कसारख्या ठिकाणी ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशा शिकवला, कारण शिवणाच्या सुईने केलेल्या लेसपेक्षा तो लवकर होतो. त्या लेसच्या पैशावर कित्येक घरं तगली. तिथेही एकेका घराचा एकेक नमुना असायचा आणि पाहुणं आलं की बायका काम ॲप्रनखाली लपवायच्या, असं सांगतात. गुरुवारी हे सांगितल्यावर पडवी बराच वेळ गप्प होती. पीक गेल्यावर सुई हातात घेतलेल्या बायका आमच्यातही बसल्या होत्या. माळावरच्या आजी एवढंच म्हणाल्या, "थ्याईच्या पोटात भूक होती, लपवतीनच ना."

लपवण्यामागे भूक असते, हे मी विसरत नाही. म्हणून आमच्याकडे नमुना फुकट घेतला जात नाही. ज्या बाईने नमुना दिला तिचं नाव पट्ट्यावर येतं, आणि त्याची मागणी आली की पहिल्या वर्षी मीटरमागे दोन रुपये तिला मिळतात, मग ती मीटरं कोणीही विणोत. पट्टा आठवडाभरासाठी घरी नेता येतो. अट एकच, परत आणताना त्यावर एक नवा तुकडा हवा. नकलेची भीती मला आजही वाटते. पण दुकानदाराने तीन नमुने नेले तेव्हा माझ्याकडे सातच होते.

२०२० च्या टाळेबंदीत गुरुवार बंद पडले. बायका फोनवर नमुन्यांचे फोटो पाठवायला लागल्या. पण नुसत्या समोरच्या फोटोवरून टाका कळत नाही. मग उलट-सुलट दोन्ही बाजूंचे फोटो, आणि मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं, असा रिवाज पडला. तो अजून चालू आहे.

आज पाच गावांतल्या ३१ जणी आहोत. प्रत्येकीला निदान एक वस्तू पहिल्या टाक्यापासून खळ देण्यापर्यंत येते.

गेल्या आठवड्यात पट्टा कळंबहून परत आला. तिथल्या एका घरी राजुऱ्याकडची सून आली आहे, तिने शेवटचा तुकडा टाचलाय. मधोमध कापसाचं फुटलेलं बोंड, चार पाकळ्या, आणि पाकळ्या जाळीपासून उचललेल्या, खरोखर फुटून बाहेर आल्यासारख्या. मी आणि जाऊबाईंनी भिंगाखाली पाहिलं. खांब कुठे रोवलाय ते सापडत नाही, मागच्या बाजूने रोवला असावा असं जाऊबाईंचं म्हणणं आहे. तिला फोन केला. ती लाजून म्हणाली, आईकडून बघून बघून आलं, सांगता येत नाही, करून दाखवता येईल. गुरुवारी सासूबरोबर येते आहे. आणखी एक बोंड विणून आणायला सांगितलंय, आणि ते उसवू का, असंही विचारून ठेवलंय. उसवा म्हणाली.