हवामान निधीतला डॉलर: घोषणेपासून खात्यापर्यंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूच्या हवामान परिषदेत हवामान निधीचा, म्हणजे हवामान बदलाला तोंड देण्यासाठीच्या पैशाचा, नवा आकडा ठरला. विकसित देशांनी पुढाकार घेऊन विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर उभे करायचे. सरकारी आणि खासगी असे सगळे स्रोत धरून १,३०० अब्जांपर्यंत पोहोचण्याचं आवाहनही त्याच ठरावात आहे. याआधी, २००९ साली, कोपनहेगनला वर्षाला १०० अब्जांचा शब्द दिला गेला होता आणि त्याची मुदत २०२० होती. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी ८३.३ अब्ज जमले. शब्द पुरा झाला तो २०२२ मध्ये, ११५.९ अब्जांवर.

चर्चा नेहमी या आकड्यांच्या आकाराभोवतीच फिरते. मला मात्र तीन प्रश्न जास्त मोलाचे वाटतात: पैसा कोणत्या रूपात येतो, किती टप्पे ओलांडून येतो आणि कोणत्या चलनात येतो.

आधी रूप पाहू. २०२२ च्या सरकारी हवामान निधीत सुमारे ६९ टक्के कर्ज होतं आणि २८ टक्के अनुदान. एकूण आकड्यात मात्र दोन्ही सारखेच धरले जातात, कारण कर्जाची पूर्ण दर्शनी रक्कम मोजली जाते. समजा १० कोटी डॉलरचं कर्ज २ टक्के व्याजाने, २० समान वार्षिक हप्त्यांत फेडायचं आहे. वर्षाचा हप्ता साधारण ६१ लाख डॉलर येतो. हे सगळे हप्ते ५ टक्के दराने आजच्या किमतीत आणले तर बेरीज ७.६२ कोटी होते. म्हणजे खरी सवलत सुमारे २.४ कोटींची, पण खात्यावर नोंद १० कोटींची. असं कर्ज वाईटच असतं असं नाही. सौर प्रकल्पाला उत्पन्न असतं, तो कर्ज फेडू शकतो. पुराचं पाणी अडवणारा बंधारा किंवा चक्रीवादळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा कुणाला बिल पाठवत नाही. तिथे कर्ज दिलं तर संकटाचा खर्च संकटग्रस्तांच्याच डोक्यावर बसतो. अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, कामांना अनुदानच हवं, असं मी म्हणतो ते याच कारणाने.

मोजणीत आणखी एक फट आहे. प्रकल्पाचा मुख्य हेतू हवामान असेल तर ओईसीडीच्या नोंदीत एक खूण पडते, आणि हवामान हा अनेक हेतूंपैकी एक असेल तर दुसरी. दुसऱ्या खुणेच्या प्रकल्पातली किती रक्कम हवामान निधीत धरायची, हे प्रत्येक देणगीदार देश स्वतः ठरवतो. कुणी ४० टक्के धरतो, कुणी ५०, कुणी पूर्ण. त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. पॅरिस करारानुसार देशांनी दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा असतो. त्यातल्या तक्त्यांत ‘दिलेलं वचन’ आणि ‘प्रत्यक्ष वितरण’ यांतला फरक तपासावा, आणि अनुदान व कर्ज वेगळं दाखवलंय का तेही पाहावं.

आता टप्पे. दक्षिण कोरियातल्या सोंगदो इथे मुख्यालय असलेल्या ग्रीन क्लायमेट फंडाचं उदाहरण घेऊ. विकसनशील देशांच्या हवामानविषयक प्रकल्पांना पैसा देणारा हा आंतरराष्ट्रीय निधी. सरकारला तिथून थेट चेक मिळत नाही. अर्ज करते ती मान्यताप्राप्त संस्था: एखादी राष्ट्रीय बँक, संयुक्त राष्ट्रांची शाखा किंवा विकास बँक. मान्यतेसाठी लेखापरीक्षण, खरेदीचे नियम, पर्यावरण व सामाजिक सुरक्षा आणि लिंगसमभावाचं धोरण, सगळं कागदावर आणि वापरात असल्याचं दाखवावं लागतं. लहान देशांच्या संस्था इथेच अडकतात. धोरण लिहिलेलं असतं, पण ते पाळल्याच्या नोंदी नसतात. मग पैसा मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत येतो आणि व्यवस्थापन शुल्क त्यांच्याकडे जातं.

त्यानंतर देशाच्या नियुक्त कार्यालयाचं ना-हरकत पत्र, संकल्पना टिपण आणि पूर्ण प्रस्ताव. प्रस्तावाला व्यवहार्यता अभ्यास, आर्थिक प्रतिमान (प्रकल्पाच्या खर्च-उत्पन्नाचं गणित), लिंगविषयक कृती आराखडा, खरेदी योजना, देखभालीची योजना अशी परिशिष्टं जोडायची असतात. मग स्वतंत्र तांत्रिक समितीची छाननी, आणि शेवटी २४ सदस्यांचं मंडळ, ज्यात विकसित आणि विकसनशील देशांच्या जागा निम्म्या-निम्म्या आहेत. पर्यावरणीय धोका जास्त असलेल्या ‘अ’ वर्गातल्या प्रकल्पाचे अहवाल मंडळाच्या निर्णयाआधी १२० दिवस खुले ठेवावे लागतात, ‘ब’ वर्गातल्यांचे ३० दिवस. वेळापत्रक आखताना हे दिवस धरायला विसरलं की प्रस्ताव सरळ पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

प्रस्ताव सर्वांत जास्त कमकुवत पडतात ते ‘हवामानाचं कारण’ सिद्ध करताना. शहराला मोठी गटारं हवीत, हे पुरेसं नाही. जुन्या पावसावर आधारित गटार किती व्यासाचं लागलं असतं, बदलत्या पावसासाठी किती लागेल आणि त्या फरकाचा खर्च किती, असं दाखवावं लागतं. त्यासाठी निदान ३० वर्षांच्या पावसाच्या नोंदी हव्यात, आणि जिथे गरज सर्वाधिक तिथेच हवामान केंद्रं विरळ असतात. नोंदी नसतील तर उपग्रहाधारित माहिती वापरता येते. मात्र जवळच्या केंद्राच्या मोजमापाशी ती आधी पडताळलेली असावी, नाहीतर समितीचा पहिला आक्षेप तिथेच येतो. ही अट मला तत्त्वतः पटते. पण गरीब देशाकडे नोंदी नाहीत म्हणून त्याचा बंधारा अडावा, हे अन्याय्य आहे. मोजमापाची केंद्रं उभारायला आधी पैसा द्यायला हवा. प्रस्तावाआधीच्या क्षमताबांधणीसाठी आणि अभ्यासांसाठी फंडाचा पूर्वतयारी कार्यक्रम आणि प्रकल्पतयारीचं साहाय्य आहे. ते प्रस्ताव लिहायला घेण्याच्या आधी मागावं, नंतर नव्हे.

मंजुरीनंतरही खातं रिकामंच असतं. करार व्हायचा असतो, आणि पहिल्या हप्त्याआधीच्या अटी पुऱ्या व्हायच्या असतात: कायदेशीर अभिप्राय, सहभागी निधीचा (इतरांनी घालायच्या पैशाचा) पुरावा, प्रकल्प कक्षाची नेमणूक. मंजूर रक्कम आणि वितरित रक्कम यांत मोठी दरी दिसते ती यामुळे.

चलनाचा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो आणि सर्वांत महाग पडतो. सौर किंवा पवन प्रकल्पात इंधनाचा खर्च नाही. जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच लागतो. म्हणून विजेची किंमत व्याजदरावर ठरते. १०० डॉलर भांडवल २० वर्षांत फेडायचं तर ४ टक्क्यांनी वर्षाला ७.३६ डॉलर लागतात, १२ टक्क्यांनी १३.३९. पॅनल तेच आणि ऊनही तेच, तरी बोजा ८२ टक्क्यांनी जास्त.

मग डॉलरमधलं स्वस्त कर्ज घ्यावं, असं वाटतं. पण विजेचं बिल स्थानिक चलनात येतं. डॉलर दरवर्षी ५ टक्क्यांनी महागला तर पंधरा वर्षांत त्याचा भाव दुपटीच्या वर जातो, आणि ४ टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात ९ टक्क्यांच्या पलीकडे पडतं. विनिमय दराचं संरक्षण, म्हणजे डॉलर महागला तरी ठरलेल्या भावाची खात्री, विकत घेता येतं, पण त्याची किंमत साधारण दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकाएवढी असते, म्हणजे स्वस्ताई तिथेच संपते. लहान चलनांसाठी व्यापारी बँका असं संरक्षण सहसा देत नाहीत. ती उणीव भरायला विकास वित्तसंस्थांनी २००७ मध्ये टीसीएक्स हा निधी उभा केला.

विजेचा दर डॉलरशी बांधणं हा दुसरा रस्ता. त्यात धोका नाहीसा होत नाही, वीज विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीकडे सरकतो. चलन कोसळलं की तिची बिलं थकतात आणि प्रकल्पाचे हप्तेही. म्हणून कराराचा मसुदा हातात आला की व्याजदराच्या आधी तीन कलमं वाचावीत: परतफेडीचं चलन कोणतं, दरवाढ कशाशी जोडली आहे, आणि खरेदीदाराने पैसे थकवले तर हमी कोण, किती महिन्यांची देतं. हमीचं कलम नसेल तर देणगीदार देशाकडे अंशतः हमी मागावी. हमीत लगेच रोकड मोजावी लागत नाही, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा व्याजदर तिच्यामुळे खाली येतो.