वॉरंटीतली बॅटरी बदलून घेताना

इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर ३६ + २४ असं छापलेलं असतं. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी बिघडली तर फुकट बदलून, त्यापुढच्या २४ महिन्यांत बिघडली तर नवी घेताना किमतीत सूट, असा तो हिशोब. विकताना दुकानदार हा आकडा अगदी आवर्जून सांगतो. बॅटरी बिघडली हे ठरवणार कोण आणि कशावरून, हे मात्र कुणीच सांगत नाही, आणि माझं सगळं अडलं ते तिथेच. कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखीतल्या चार घरी विचारलं तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालं.

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. विजेची लाइन आंबा-काजूच्या बागांमधून, डोंगरउतारावरून येते. मृगाचा पहिला वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर येते, फीडर (भागाला वीज देणारी मुख्य लाइन) ट्रिप होतो आणि वायरमन भर पावसात खांबामागून खांब बघत फॉल्ट शोधत फिरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर खांबच्या खांब आडवे झाले होते आणि कित्येक दिवस सगळा भाग अंधारात होता. घरात माझे सासरे, आप्पा, दम्याचे रुग्ण. रात्री-अपरात्री नेब्युलायझर लागतो. म्हणून ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली. घेणं, बसवणं, सगळं सुरळीत झालं.

तिसऱ्या पावसाळ्यात बॅटरीने दगा दिला. पूर्वी दोन पंखे, तीन दिवे आणि राउटर यांवर पाच-सहा तास निघायचे, ते पाऊण तासावर आलं. चार्जिंग चालू असताना बॅटरीची एक बाजू जास्त तापायची, पाणी भराभर खाली जायचं आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास यायचा. (असा वास आला तर आधी खिडक्या उघडा, चार्जिंग बंद करा आणि तिथे देवाची समईसुद्धा लावू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजनही निघतो; त्याला स्वतःला वास नसतो, पण तो पेट घेतो.)

कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, दोन दिवसांत माणूस येईल असं सांगितलं. माणूस आला नाही, मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी पुन्हा फोन लावला, पुन्हा नवा तक्रार क्रमांक. यातून लक्षात ठेवायचं ते हे, की जुना क्रमांक सोडायचा नाही. प्रत्येक फोनवर पहिला क्रमांकच आधी सांगायचा, नाहीतर त्यांच्या कागदावर तुमची तक्रार नेहमी कालचीच राहते. आणि तक्रार बंद करायला फोनवर एक कोड येतो, तो काम होईपर्यंत कुणालाही द्यायचा नाही, समोरचा कितीही घाईत असो.

शेवटी माणूस आला. त्याने एका सेलचं झाकण उघडलं, हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायची नळी) बुडवला आणि म्हणाला, "ताई, ग्रॅव्हिटी डाउन आहे. चार्जिंगला न्यावी लागेल."

मी म्हटलं, "बाकीचे पाच सेल बघा ना."

"एक बघितला की कळतं."

बॅटरी गेली. बदल्यात स्टँडबाय बॅटरी मिळेल का, असं विचारलं तर शिल्लक नाही म्हणाले. सीरियल नंबर घातलेली पावती मात्र मी हट्टाने लिहून घेतली, त्याशिवाय बॅटरी गाडीत चढू दिली नाही. तुम्हीही घ्याच. सर्व्हिस सेंटरला एकसारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांची रांग लागलेली असते.

मग वाट बघणं. फोन केला की "चार्जिंगला लावलीय". परत केला की "साहेब टेस्टिंग करतायत". बाहेर धो धो पाऊस, दर संध्याकाळी लाइट जाणार हे ठरलेलं, आणि आप्पा उशांना टेकून बसलेले. बॅटरी परत आली तेव्हा सोबतच्या कागदावर एकच शब्द होता: ओके. त्याच रात्री लाइट गेली आणि पाऊण तासात इन्व्हर्टरने बोंब मारली.

पुन्हा तक्रार केली. पुन्हा तेच उत्तर, चार्जिंग कमी होतंय, तुमच्याकडे व्होल्टेज नसेल. या चक्रातून मला बाहेर काढलं ते दापोलीत गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम करणाऱ्या एका काकांनी. त्यांनी जे पाच मिनिटांत समजावलं, ते कंपनीच्या एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण चार्ज झाली की प्रत्येक सेलच्या पाण्याची ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास असते. मेकॅनिक त्याला बाराशे चाळीस म्हणतात. सहाही सेल सारखेच खाली असतील, समजा सगळे अकराशे ऐंशीला, तर बॅटरी खरोखर उपाशी आहे, चार्जिंग करून बघायला हरकत नाही. पण पाच सेल बाराशे तीसच्या वर आणि एकच अकराशेच्या घरात असेल, तर तो सेल गेला. त्याला कितीही चार्ज करा, तो वर येत नाही. अशा बॅटरीचं व्होल्टेज चार्जर काढून काही तास ठेवल्यावर साडेबाराच्या वर टिकत नाही, साडेदहाच्या आसपास येऊन बसतं, कारण एक सेल हिशोबातूनच गेलेला असतो. आणि चार्जर बिचारा सहा सेल समजून तेवढाच दाब देत राहतो, त्यामुळे उरलेले पाच जास्त चार्ज होतात, उकळतात, पाणी आटतं, वास सुटतो.

म्हणजे एकाच सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून काहीही सिद्ध होत नाही. चांगला सेल बघितला तर बॅटरी ओके, वाईट बघितला तर ग्रॅव्हिटी डाउन, चार्जिंगला न्या. दोन्हीकडून ग्राहक घरी अंधारात.

मी दोनशे रुपयांच्या आतला एक हायड्रोमीटर आणला. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगावर जुने कपडे, कारण ते पाणी म्हणजे सौम्य सल्फ्युरिक ॲसिड आहे. रात्रभर चार्ज करून, सकाळी चार्जर बंद करून, तासाभराने सहाही सेल मोजले आणि पॉझिटिव्ह टोकापासून एक ते सहा क्रमांक टाकून वहीत लिहिले. पाच सेल बाराशे पंचवीस ते बाराशे चाळीस. चौथा अकराशे वीस. मल्टिमीटरवर १०.६ व्होल्ट. प्रत्येक सेलच्या वेळी हायड्रोमीटरचा फोटो काढला, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून.

हे आकडे घेऊन मी स्वतः सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "मॅडम, पाणी कमी ठेवलंय तुम्ही. त्यात वॉरंटी बसत नाही." मी शांतपणे विचारलं, की पाणी मी कमी ठेवलं असतं तर सहाही सेल सारखे खराब झाले असते, एकटा चौथा कसा गेला? त्यावर उत्तर आलं नाही. ते संगणकाकडे वळले आणि म्हणाले, "या सीरियल नंबरचं रजिस्ट्रेशनच दिसत नाही." रजिस्ट्रेशन करणं दुकानदाराचं काम होतं, कार्डावर त्याचा शिक्का, सही आणि तारीख होती. तरीही नाही म्हणाले. तेव्हा पर्समधून जीएसटीचं बिल काढून टेबलावर ठेवलं. बिलावर बॅटरीचा सीरियल नंबर छापलेला होता. बॅटरी घेताना हे एक कराच: नुसतं मॉडेलचं नाव नको, सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. कार्ड हरवेल, ॲपवर नोंद नसेल, पण ते बिल कुणाला नाकारता येत नाही.

तरी साहेब म्हणाले, "वर पाठवतो, बघू."

"वर" म्हणजे कुठे ते कळेना, म्हणून घरी येऊन १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. नाव, कंपनी, बिलाची तारीख, आधीचे सगळे तक्रार क्रमांक आणि माझे सहा आकडे सांगितले. बिल आणि फोटो त्यांच्या पोर्टलवर चढवले. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तक्रार कंपनीच्या मुख्य कार्यालयापर्यंत पोचवते, एवढंच. पण तेवढ्यानेही फरक पडतो. पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या माणसाचा स्वतःहून फोन आला. नवा टेक्निशियन घरी आला, सहाही सेल मोजले, त्याचा चौथा सेल माझ्या वहीतल्या आकड्याशी जुळला. त्याने फॉर्मवर लिहिलं, सेल डेड. बॅटरी बदलून मिळाली, एक रुपया न देता. ती वही मी जपून ठेवली आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

हे झालं नसतं तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते, कागद तयार होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची.

बदलून आलेल्या बॅटरीला नवीन ३६ महिने मिळत नाहीत, जुन्या वॉरंटीचे जे उरले तेच. नवा सीरियल नंबर जुन्या कार्डावर शिक्क्यासह लिहून घ्या. मी टेक्निशियनला दारातून परत बोलावून लिहून घेतला.

बॅटरी नसतानाच्या त्या दिवसांत ज्या स्वस्त गोष्टींनी घर चाललं, त्या सांगते. सर्वात आधी बॅटरीवर चालणारा मेश नेब्युलायझर. डॉक्टरांना विचारून घेतला, कारण औषध त्याला चालतं की नाही हे तेच सांगू शकतात. आप्पांच्या रात्री त्याच्यामुळे निभावल्या. इन्व्हर्टरपेक्षाही ही खरेदी मला जास्त मोलाची वाटते. मग राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस, हजार-बाराशेचा. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, ९ व्होल्टचा राउटर १२ व्होल्टला जोडू नका. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा हवा. डोक्याला बांधायचा टॉर्च स्वयंपाकघरात आणि गोठ्यात लागतोच, दोन्ही हात मोकळे राहतात. आतच बॅटरी असलेले एलईडी बल्ब तीन-चारशेला मिळतात, जिना आणि न्हाणीघरासाठी छान, पण त्यांचं बटण दिवसा काही तास चालू ठेवलं तरच ते चार्ज होतात.

पंख्यांचं सांगायचं राहिलं. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. १५० एएचच्या बॅटरीतून प्रत्यक्षात बाराशे वॅट-तास धरा. दोन साधे पंखे, दिवे आणि राउटर मिळून दोनशे दहा वॅट झाले की पावणेसहा तास. पंखे बदलले की एकशे वीस, म्हणजे दहा तास. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

आणि एक बटण. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असतो. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण एकशे ऐंशीच्या खाली गेलं की लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतंच, त्यामुळे खरी लाइट जाईपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असायची. आता नॉर्मल मोडला ठेवतो.

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, छतावर सोलर बसवलं तर ही कटकट जाईल का. पीएम सूर्यघर योजनेत लोक बसवतात ते बहुतेक ग्रिडला जोडलेलं सोलर. लाइट गेली की ते आपोआप बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बिल कमी होईल, पण अंधारात दिवा लागणार नाही, त्यासाठी बॅटरीवाली सोलर पद्धत वेगळी घ्यावी लागते. आणि आमच्या पावसात जुलै-ऑगस्टला पॅनेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, फिल्टरचं किंवा एसीचं पाणी नको. दर मे महिन्यात पाऊस लागण्याआधी सहाही सेल मोजा, आकडे कार्डाच्या मागे लिहा. एखादा सेल बाकीच्यांपासून फुटून खाली चाललेला दिसला तर मे महिन्यातच क्लेम टाका, तेव्हा सर्व्हिस सेंटरला गर्दी नसते आणि स्टँडबाय बॅटरीही मिळण्याची शक्यता असते.