‘पेपर कसा गेला?’ हे मी विचारत नाही

कॅल्क्युलसचा पेपर सुटला की बाहेर जो गलका होतो, तो आकड्यांचा असतो. ‘तिसऱ्याचं पाय बाय फोर आलं ना?’ ‘माझं पाय बाय टू आलंय!’ ‘मेलास.’ पाच मिनिटांत कोण तरलं, कोण बुडालं याचा हिशेब होतो आणि मंडळी पांगतात.

रिअल अ‍ॅनालिसिसच्या पेपरनंतर असं होत नाही, कारण जुळवायला आकडाच नसतो. ‘सिद्ध करा, नाहीतर विधान खोटं पाडणारं काउंटरएक्झाम्पल द्या’ अशा प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्याशी ताडून कसं पाहणार? मग मुलं पानं ताडून पाहतात. ‘चौथ्याला किती लिहिलंस?’ ‘दीड पान.’ ‘दीडच? मी तर पुरवणी घेतली.’ दीड पानवालीचा चेहरा तिथल्या तिथे पडतो. त्या प्रश्नाला खरं तर चार ओळी पुरतात, पण हे तिला त्या क्षणी कोण सांगणार?

हा विषय शिकवणारी आणि बहुतेक वेळा पेपर काढणारीही मीच. त्यामुळे पेपर सुटल्यावर मी दाराबाहेर दिसले की दोन गोष्टी होतात: काहीजण जिन्याने पळ काढतात, बाकीचे घेरतात. घेरणाऱ्यांना मी ‘कसा गेला?’ असं विचारत नाही. त्याचं खरं उत्तर त्यांच्याकडे नसतंच. सिद्धता लिहिणाऱ्याला ती नेहमी बरोबरच वाटते, नाहीतर त्याने ती लिहिलीच नसती. मी विचारते, ‘कुठे अडकलात?’

यंदाच्या पेपरातला दुसरा प्रश्न असा होता. शून्य ते एक या खुल्या अंतरालावर, म्हणजे दोन्ही टोकं वगळून, कंटिन्युअस, म्हणजे आलेख कुठेही न तुटणाऱ्या, फंक्शन्सची एक सीक्वेन्स, म्हणजे न संपणारी रांग, आहे. प्रत्येक बिंदूपाशी ती उतरत उतरत शून्याकडे जाते. मग ती शून्याकडे युनिफॉर्मली कन्व्हर्ज होतेच का, म्हणजे सगळ्या बिंदूंवर एकदमच शून्याच्या हवी तितकी जवळ येते का?

सगळ्यात आधी बाहेर आलेला घोळका खुशीत होता. ‘दुसरा तर फुकटचा होता मॅडम! डिनी लावला, दोन ओळींत खल्लास.’ अशी उतरती सीक्वेन्स युनिफॉर्मली कन्व्हर्ज होते असं सांगणारं डिनीचं प्रमेय वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलंय आणि प्रश्नाचा चेहरा हुबेहूब त्यासारखाच आहे. फक्त त्या प्रमेयाला अंतराल बंद आणि मर्यादित लागतं, आणि इथे टोकं गायब आहेत. एक्सचा एन-वा घात घेऊन बघा. शून्य आणि एकच्या मधला कुठलाही एक्स धरा, एन वाढवत न्या, किंमत उतरत शून्याकडे जाते. पण एन कितीही मोठा घेतला तरी एकच्या पुरेसं जवळ सरकलं की किंमत पुन्हा एकला भिडू पाहते. सुप्रीमम, म्हणजे सगळ्या किमतींची सगळ्यात लहान वरची मर्यादा, दर वेळी १. म्हणजे युनिफॉर्मचं नाव काढायला नको.

सगळ्यात शेवटी जी मुलगी बाहेर आली, तिचा पेपर तिच्या मते ‘गेला’. ‘दुसऱ्यातच अर्धा तास गेला मॅडम. टोकं आत असती तर डिनी लागला असता. पण ती आत नाहीत. मग वाटलं मीच काहीतरी भलतं वाचतेय, म्हणून प्रश्न परत परत वाचला. शेवटी एक्सचा एन-वा घात लिहिला आणि त्याचा सुप्रीमम एक येतो एवढंच लिहिलं. सिद्ध काहीच केलं नाही.’

मी गप्प बसले. पेपर तपासणाऱ्याने दारात निकाल वाटू नयेत, हे पथ्य मी पाळते. पण ‘एवढंच’ म्हणून तिने जे सांगितलं, ते संपूर्ण उत्तर होतं. अशा प्रश्नात सिद्ध करायचं वेगळं काही उरतच नाही. एक उदाहरण आणि ते का चालतं याची एक ओळ. अर्ध्या तासाच्या त्या घालमेलीला ती वेळ वाया जाणं म्हणत होती. मी तिला गणित करणं म्हणते. उलट दोन ओळींत खल्लास करणाऱ्यांना अडकायला झालंच नाही, आणि तिथेच त्यांचे गुण गेले.

दर वर्षी हेच होतं असं म्हणणार नाही. काही मुलं हसत बाहेर येतात आणि पेपर खरोखरच उत्तम असतो. पण हसरा चेहरा म्हणजे चांगला पेपर, हे समीकरण मी कधीच सोडून दिलंय.

या वेळचा खरा तमाशा पाचव्या प्रश्नावरून झाला. एक वजा एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश वजा एक-चतुर्थांश, अशी ती सगळ्यांना ठाऊक असलेली सिरीज. तिची बेरीज लॉग २, म्हणजे साधारण ०.६९३. आता तीच पदं वेगळ्या क्रमाने मांडायची. एक धन पद, मग दोन ऋण, पुन्हा एक धन, दोन ऋण: १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ असं पुढे. बेरीज काढा.

एका मुलाने ती अगदी सुरेख काढली होती. प्रत्येक धन पद त्याच्या लगतच्या ऋण पदाशी जोडायचं. एकातून अर्धा गेला, अर्धा उरला. तिसऱ्या भागातून सहावा गेला, सहावा उरला. जोडत गेलं की दिसतं, ही तर मूळ सिरीजच, प्रत्येक पद निम्मं केलेली. म्हणून बेरीज लॉग २ च्या निम्मी, सुमारे ०.३४७. इथवर येऊन तो दचकला. पदं तीच, एकही वगळलेलं नाही, एकही नवं घातलेलं नाही, नुसती जागा बदलली आणि बेरीज निम्मी? काहीतरी चुकलंय. त्याने सगळं खोडलं आणि खाली लिहिलं, लॉग २.

बाहेर आल्यावर कुणीतरी सहज म्हणालं, ‘पाचव्याचं निम्मं आलं ना?’ हा जागच्या जागी थांबला. ‘निम्मं कसं येईल?’ ‘अरे, रीमान!’ आणि मग त्याने कपाळावर असा हात मारून घेतला की पलीकडच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

मजा अशी की रीमानचं प्रमेय त्याला येत होतं. विचारल्यावर घडाघडा म्हणून दाखवलं: सिरीज कन्व्हर्ज होते पण अ‍ॅब्सोल्यूटली होत नाही (सगळी पदं धन धरली की बेरीज आटोक्यात राहत नाही), तर पदांचा क्रम बदलून तिची बेरीज हवी ती आणता येते. वहीत ते होतं, डोक्यात होतं. पण आपल्या पेनातून तेच उतरलं तेव्हा त्याला ते ओळखू आलं नाही. मला या खाडाखोडीचं फार वाईट वाटतं आणि थोडं कौतुकही. आलेल्या उत्तराकडे संशयाने पाहणारा मुलगा आहे हा. चुकीच्या जागी संशय घेतला, एवढंच.

बाकीच्या तक्रारी नेहमीच्या. ‘आउट ऑफ सिलॅबस’ ही मी मनावर घेत नाही. सिलॅबसमधलंच प्रमेय वेगळा सदरा घालून आलं की ते परकं वाटतं. ‘वेळ पुरला नाही’ ही मात्र घेते, आणि ती तक्रार जुनी आहे. केंब्रिजच्या ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेत आपले परांजपे १८९९ साली सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या आदल्याच वर्षी चौथे आलेले गणितज्ञ हार्डी पुढे त्या परीक्षेवर तुटून पडले. झटपट सोडवण्याच्या त्या शर्यतीसाठी तेव्हा खासगी शिकवणीवाले मुलांना तयार करायचे. नंबरवार यादी लावायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. मी पेपरातला एक प्रश्न कमी केला तो याच विचाराने, पण तो कमी झालाय हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

रडवेल्या मुलांना मी कधीकधी अमेरिकेतल्या पटनम या कॉलेजच्या मुलांच्या गणित स्पर्धेचं सांगते. बारा प्रश्न, १२० गुण, आणि कित्येक वर्षी मधल्या विद्यार्थ्याचे गुण शून्य किंवा एक. किंवा २०१७ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा तिसरा प्रश्न: सहाशेहून जास्त स्पर्धक, पूर्ण गुण फक्त दोघांना. हे ऐकून त्या दिवशी कुणाचंही समाधान होत नाही. ‘मॅडम, तिथे नापास करत नाहीत ना,’ असं एकीने ऐकवलं, आणि तिचं बरोबरच होतं.

गुण लागायच्या आधीच्या तासाला मी दुसरा आणि पाचवा हे दोन्ही प्रश्न फळ्यावर घेतले. ‘पेपर गेला’ म्हणणारीने विचारलं, अंतराल बंद ठेवलं पण अमर्याद केलं, शून्यापासून अनंतापर्यंत, तर डिनी लागेल का? मी खडू पुढे केला. मागच्या बाकावरून कुणीतरी बसल्या बसल्याच म्हणालं, ‘एक्स भागिले एन.’ बरोबर होतं. उतरतं, शून्याकडे जातं, आणि सुप्रीमम तर अनंत. खुशीतला घोळका त्या दिवशी वहीत डोकं घालून होता.

मग खाडाखोडवाल्याने हात वर केला. खोडलेलं तपासता का मॅडम?

वाचता येत असेल आणि त्याच्या जागी दुसरं काही लिहिलं नसेल, तर तपासते. तू लिहिलंयस का दुसरं?

‘हो. लॉग २.’

‘मग तेच तपासलं जाईल.’

तो क्षणभर विचार करून म्हणाला, ‘म्हणजे मी तेही खोडायला हवं होतं.’